गुलाबभाऊला पोचा दिसला की…

नागपुरातलं आमचं गॅरेज बंद होऊन आता वर्षं झाली, पण सक्करदऱ्याकडून गेलो की एखादा किस्सा आठवतोच. जुना रंग घासायला घ्यावा तर खाली आणखी थर निघतात, तसं होतं. बहुतेक किस्से हसण्याचे आहेत. एकाचं मात्र अजून वाईट वाटतं.

*

मी गाड्या रंगवणारा पेंटर, गुलाबभाऊ पत्रा ठोकून सरळ करणारा डेंटर. पोचा दिसला की या माणसाचे हात शिवशिवत. सासुरवाडीच्या लग्नात पंगतीत बसला, तर पुढ्यात पोचे पडलेलं ताट! वरण येईपर्यंत त्यानं ते मांडीवर पालथं घातलं आणि वाटीनं ठोकून सरळ केलं. मग शेजाऱ्याचं मागून घेतलं. पंगत उठली तरी हा उपाशीच.

सासरे म्हणाले, "जावईबापू, आंधी जेवून घ्या. घरचे पाण्याचे गुंड मंग आणून देतो!"

*

एकोणीसशे सत्तरच्या पुढेमागे खापा गावच्या दादासाहेबांनी त्यांची जुनी रेसिंग कार ट्रकवर घालून आमच्याकडे आणली. इंग्रजांच्या काळात ते स्वतः ती शर्यतीत पळवत. आता नजर झपाट्यानं जात होती. ती पुरती जायच्या आत गाडी होती तशी पाहायची, एवढंच त्यांचं म्हणणं.

सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी हुसकायला गेलो तर दादासाहेब म्हणाले, "राहू दे गा. इतक्या वर्षांत या गाडीत तेच एकटी बसली."

*

बॉनेटवरची पट्टी काढली तर तिच्या खालच्या अंगाला मूळ हिरवा रंग सापडला. पण डबीतला नमुना दादासाहेबांना दिसेना. उन्हात मोठं कापड धरलं तर थोडंफार कळायचं. म्हणून ती पट्टी घेऊन मी गांधीबागेच्या कापडबाजारात गेलो आणि दुकानातल्या शेठला म्हटलं, याला मॅचिंग दाखवा.

शेठनं पट्टी उलटसुलट पाहिली. "भाऊ, वहिनी पत्रा नेसून राहिल्या का?"

कापड जुळलं, रंगही जुळला. नेमका पावसाळा लागला आणि मारलेला रंग वाळेना. दिवस जात राहिले, आणि तिकडे म्हाताऱ्याची नजरही.

*

दादासाहेब स्टुलावर बसून गोष्टी सांगत. गाडीला सेल्फ नव्हता. प्रत्येक शर्यतीला धाकटा भाऊ मागून तळहात टेकवून ढकलायचा. इंजिन लागलं की दादासाहेब पुढे, आणि तो मागे धुळीत उभा, हसत. तो भाऊ तरुणपणीच गेला. आम्ही ऐकायचो, पण हात कामात आणि कान अर्धे.

रंगाच्या आधी मागच्या मऊ पत्र्यावर गुलाबभाऊला शेजारी शेजारी तळहाताएवढे दोन उथळ पोचे सापडले होते. लाकडी हातोडीनं दिवसभर हळूहळू ठोकून त्यानं ते असे बसवले की बोटालाही लागू नयेत. त्या आनंदात त्यानं सगळ्यांना चहा पाजला. मीही त्याची पाठ थोपटली.

*

गाडी तयार झाली तेव्हा दादासाहेबांना काहीच दिसत नव्हतं. एका नातेवाईकानं त्यांना हात धरून आणलं. त्यांनी बॉनेट चाचपलं, चाकं चाचपली, खूश झाले. मग म्हणाले, "मले मांगं ने."

मागे जाऊन ते वाकले आणि दोन्ही तळहात पत्र्यावर टेकवले. हात डावीकडे सरकवले, उजवीकडे सरकवले, पुन्हा मधे आणले. बराच वेळ हात तिथेच फिरत राहिले. गुलाबभाऊ शाबासकीची वाट पाहत शेजारी उभा होता.

दादासाहेब सरळ झाले. आवाजात राग अजिबात नव्हता.

"लय साजरी झाली गा, गुलाब. आता माही गाडी दाखव."