फोटोतली तीट

मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश झाला तेव्हा बाबांचं दफ्तर भोपाळला हललं आणि दफ्तरामागून आम्ही. मी मराठी चौथीत होते. कोणत्या ट्रंकेत काय आहे ते लिहून झाकणाला आतून चिकटवायचं काम माझ्याकडे होतं. ते मला आवडलं आणि पुढे जन्मभर पुरलं. आधी पुस्तकं भरली, मग पितळ. बाबांचा बॉक्स कॅमेरा तेवढा बाहेर राहिला, कारण जाण्याआधी त्यांना गल्लीतल्या मुलांचे फोटो काढायचे होते. घाट आणि देवळं कोणीही काढतं, असं त्यांचं म्हणणं.

ते ओट्यावर बसत, कॅमेरा मांडीवर ठेवत आणि पेपर वाचल्यासारखी मान खाली घालत. थोड्या वेळाने मुलं त्यांना विसरत. मग बोट हलायचं. त्या काळ्या-पांढऱ्या फोटोंत चुन्याच्या भिंती आणि पोरांचे धुळकट पाय एकाच रंगाचे येत.

समोर हलवायाचं घर होतं. हलवायाच्या बायकोला आम्ही मौसी म्हणायचो. कॅमेरा दिसला की ती आपल्या मुलीला घरात बोलावून घेई. तिची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. ही पाच वर्षांची झाली होती आणि तिला कोणाची नजर लागू नये, एवढीच मौसीची धडपड असे. बाबांना मात्र पायऱ्यांवर पाच खड्यांचे पाचे खेळणाऱ्या मुलींचा फोटो हवा होता, आणि पाचे सगळ्यात झकास झेलायची ती हीच.

शेवटी आई समोर गेली. गालावर हवी तेवढी मोठी तीट लावा, ती फोटोतही दिसेल आणि कायमची राहील, असा शब्द देऊन आली. मौसीला ते पटलं. तिने मुलीच्या गालावर वाटाण्याएवढं काजळ लावलं आणि बोटाला काजळ लागलंच आहे म्हणून आम्हा बाकीच्या मुलींनाही लावलं.

फोटो उत्तम आला. रोल धुवायला माधव नगरातल्या एका स्टुडिओत दिला होता. तिथला कारागीर बहुतेक लग्नं जमवण्यासाठीचे फोटो करी. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून तो चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, तीळ, डाग बुजवत असे. आमचंही काम त्याने मन लावून केलं. एकीच्याही गालावर तीट उरली नव्हती.

बाबांनी फोटो पेपराखाली सरकवून ठेवला, पण संध्याकाळी मौसी तो बघायलाच आली. बराच वेळ बघत राहिली. मग आईला म्हणाली, "भाभी, आपने ज़ुबान दी थी।"

बाबांनी समजावलं की पेन्सिल पुसता येते, दुसरी प्रत निघते. पण कारागीर गावी गेला होता आणि आमचा ट्रक सोमवारी यायचा होता. मौसीचं म्हणणं, फोटो फाडा, काचही फोडा. निगेटिव्ह काचेची नसते हे तिला कोणी सांगितलं नाही. "मेरी छोरी खुले मुँह भोपाल नहीं जाएगी।"

स्वतःच्या फोटोंपैकी बाबांना तो एकच धड वाटत होता. त्यांनी तो तिच्यापुढे ठेवला.

आई म्हणाली, "काजल ले आओ। अपने हाथ से लगा दो।"

कागदावर लावलेलं लागू पडतं का, हे मौसीने दोनदा विचारलं. आईचा स्वतःचा यावर विश्वास नव्हता, तरी तिने ठाम हो म्हटलं. मौसी काजळ घेऊन आली. बाबांना ती भैयाजी म्हणायची; भैयाजींच्या मशीनने जे पुसलं ते आता माझं बोट लावणार, असं बाबांना ऐकवत तिने मुलीच्या गालावर टिंब दिलं, मग ओळीने बाकीच्यांच्या. माझ्या गालावर जरा मोठं दिलं. तिच्या लेखी मी परदेशी चालले होते ना.

काजळ तुपातलं होतं. वर्षागणिक ते पसरत गेलं. आता त्या फोटोत प्रत्येकीच्या गालावर करडा, तेलकट डाग आहे.

गेल्या वर्षी त्या मुलीचा निरोप आला की फोटोची प्रत हवी. ती आता त्याच शहरात, नानाखेड्याला राहते आणि मौसी तिच्याकडे असते. निगेटिव्ह माझ्याकडे पाकिटात नीट होती. मी दोन प्रती करवून घेतल्या, एक फोटोवरून डागांसकट आणि एक निगेटिव्हवरून, आणि स्वतः नेऊन दिल्या.

मुलीने स्वच्छ प्रत उचलली आणि खिडकीपाशी गेली. लहानपणचा आपला चेहरा ती पहिल्यांदाच धड बघत होती. मग तिने ती आईच्या हातात दिली. मौसीला फार दिसत नाही. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"टीका कहाँ है?"

"अम्मा, अब मुझे कौन नज़र लगाएगा?"

"तेरे को नहीं," मौसी फोटोतल्या पोरीवर बोट ठेवून म्हणाली, "ये जो बैठी है, इसको। काजल ला।"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आण. फक्त तुपातलं नको, पसरतं.