फादरांचं कापड

आमचं कॉलेज कॅथलिक पाद्र्यांनी सीताबर्डीजवळ भाड्याच्या बंगल्यात सुरू केलं, तेव्हा बाकं होती पण पोरं नव्हती. म्हातारे गोरे प्रिन्सिपॉल फादर सायकल हाणत आमच्या कोष्ट्यांच्या वस्तीत आले आणि बाबांच्या मागाजवळ बसकण मारून म्हणाले, "काहून गा, पोरीले काहून घरी ठेवून राहिला?" झग्यातला गोरा माणूस आमच्यासारखं बोलतो हे ऐकून बाबांच्या हातातला धोटा हातातच राहिला. माझी अ‍ॅडमिशन त्या धक्क्यातच झाली, असं मी अजूनही म्हणते.

दुसऱ्या वर्षी कॉलेजची स्वतःची इमारत उभी राहत होती. फादरांनी बाबांना लाल काठाचं एक पांढरं कापड विणायला सांगितलं. नव्या चॅपेलच्या वेदीसाठीच असणार, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं. बाबा आंघोळ करून मागावर बसायचे. कापड उतरल्यावर आईने कोपऱ्याला हळदीकुंकू लावलं.

उद्घाटनाच्या दिवशी बाबांनी ते फादरांच्या हाती दिलं. "कुठं घालू?"

"आता नाही गा. मी मेल्यावर, माझ्या पेटीवर." फादर हसत होते.

जिवंत माणसाचं कफन, आणि त्याला हळदीकुंकू! बाबांनी कापड हिसकावलं, मला हाताला धरून घरी आणलं आणि "कालेज बंद" म्हणून मोकळे झाले. एका कापडापायी माझं शिक्षण संपलं, यावर माझा विश्वासच बसेना. मी दोन दिवस जेवले नाही.

तिसऱ्या दिवशी फादर आमच्या दारात आले. बाबांनी त्यांना बजावलं, "पोरगी येईन. पण ते बी.ए. झाल्याबिगर कापड भेटणार नाई. तोवर तुमी मराचं नाई."

फादरांनी कबूल म्हणून मान डोलावली.

शेवटच्या वर्षी फादर काठी टेकत वर्गात यायचे, दोन वाक्यांत त्यांना धाप लागायची. मी घरी आले की बाबा अभ्यासाचं विचारत नसत. "आज खोकलले काय?" एवढंच विचारत.

रिझल्ट लागला तशी मी पेढे घेऊन धावत घरी आले. बाबांनी माग थांबवला.

"पास झाली? सगळ्याच विषयात?"

"हो."

"एखादा ठेवला असता तं काय बिघडलं असतं वं?"

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि बाप रडत होता. मग ते उठले, कापडाची ट्रंक खाटेखाली आणखी आत ढकलली आणि म्हणाले, "फादरले सांग, पोरगी एम.ए. करून राहिली."