फर्नेसपुढचं गाऱ्हाणं

दुपार कलली आहे आणि मंदाकिनीबाई सोफ्यावर आडव्या झाल्या आहेत. "जरा पाठ टेकते," असं त्या मोठ्याने म्हणाल्या खऱ्या, पण या घरात ते ऐकणारं आता कुणी नाही. मिशिगनमधलं हे घर त्यांनी आणि दिगंबररावांनी तरुणपणी घेतलं, आणि या उन्हाळ्यात दिगंबरराव गेले. मुलगी केतकी कॅलिफोर्नियात असते. तिचं म्हणणं स्वच्छ आहे: आई, इथला हिवाळा एकटीने काढायचा नाही, घर विकू आणि तू माझ्याकडे ये. बाईंनी एवढंच मागून घेतलं की थंडीच्या आधी घर मला एकटीला तयार करून बघू दे. काही बिघडलं तर मुकाट्याने येते.

आज सगळं उरकलं आहे. छताच्या कडेच्या पन्हळीतली पानं निघाली, घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलून झाला, खिडक्यांच्या फटींना पट्ट्या लागल्या. तुळशीची कुंडी आत आली. बागेतला पाइप गुंडाळून गॅरेजमध्ये गेला आणि बाहेरचा नळही बंद झाला. आज रात्री पारा शून्याखाली उतरणार आहे. उतरू दे मेला, असं मनात म्हणत बाई डोळे मिटतात. रेडिओवरचा हवामानवाला बोलतच असतो, आणि त्याच्या बोलण्याला हळूहळू मालवणी हेल यायला लागतो.

"शिडी घट्ट धर गो."

बाई शिडी धरतात. वर दिगंबरराव उभे आहेत. अंगात तोच तपकिरी स्वेटर, जो बाईंनी ऑगस्टमध्ये देऊन टाकला. आता हे त्यांना सांगणं काही बरं दिसणार नाही. या माणसाची भाषा तीन मजली. ऑफिसात इंग्रजी, घरात पुस्तकी मराठी, आणि शिडीवर चढला की कुडाळची मालवणी.

"पन्हळ साफ झालीय," बाई खालून सांगतात. "माणूस बोलावला होता."

"माणूस कित्याक? मी आसंय मां."

"तुम्ही नव्हतात," बाई हळूच म्हणतात.

"हां," दिगंबरराव म्हणतात, घरातली साखर संपल्याचं कळावं तसे. मग ते खाली वाकून मेपलची पानं बाईंच्या हातात देतात. हातात येईपर्यंत त्या पानांची कौलं झालेली असतात, उन्हाने तापलेली. बाई आता कुडाळच्या अंगणात उभ्या आहेत आणि छपरावर नवरा कौलं चाळतो आहे. तिकडे पावसाआधी अशी शाकारणी करायची रीत. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, चांगली पुन्हा बसवायची. दिगंबरराव मिशिगनच्या शरद ऋतूतल्या कामांनाही शाकारणीच म्हणत. छप्पर डांबरी पत्र्याचं असलं म्हणून काय झालं, ऋतू पालटायच्या आधी घराला एकदा हात लावायचा असतो.

"चल, खालचं बघू," ते म्हणतात. अंगणातूनच तळघराचा जिना उतरतो. बाईंच्या पायाखाली आधी शेण सारवलेली जमीन आहे, मग गार सिमेंट. समोर फर्नेस घुमतो आहे आणि त्याच्यापुढे शेंडीवाला नारळ ठेवलेला आहे.

हे दिगंबररावांचं खास. दरवर्षी सगळी कामं संपली की ते फर्नेसपुढे नारळ ठेवून हात जोडत आणि गाऱ्हाणं घालत, गावच्या देवळात घालतात तस्सं. प्रत्येक मागण्यामागे बाईंनी आणि केतकीने "व्हय महाराजा" म्हणायचं. छोटी केतकी तर एवढी ओरडायची की शेजारची कुत्री भुंकायला लागायची.

"गाऱ्हाणं घातलंस?" दिगंबरराव विचारतात.

"एकटी कशी घालू? व्हय महाराजा कोण म्हणणार?"

दिगंबरराव वळून बाहेरच्या नळाकडे जाणारा भिंतीवरचा पाइप चाचपू लागतात. "हा आतला व्हॉल्व्ह बंद केलास?"

"केला."

"आणि बाहेरचा नळ?"

"तोही. दोन्ही हातांनी आवळलाय. थेंब गळायचा नाही," बाई ठसक्यात सांगतात.

दिगंबरराव उलट्या बादलीवर बसतात आणि गदगदा हसायला लागतात. त्या बादलीमागे आणखी बादल्या आहेत, हंडे आहेत, कळशा आहेत. गिरगावातल्या चाळीतली नळावरची सगळी रांग तळघरात येऊन उभी राहिली आहे, आणि वरच्या गॅलरीतून बाईंची आई ओरडते आहे, "मंदे, नळ उघडा टाकून आलीस की काय?"

"नाही गं आई, बंद केला."

"गिरगावची पोर शेवटी गिरगावचीच," दिगंबरराव डोळे पुसत म्हणतात. मग त्यांचा आवाज घरातला होतो, समजावणारा. "मंदा, हा व्हॉल्व्ह आणि बाहेरचा नळ यांच्यामध्ये पाणी उरतं. दोन्हीकडून कोंडलंस, तर ते जाणार कुठे? आज रात्री गोठेल, फुगेल आणि भिंतीतल्या भिंतीत पाइप फोडेल. हिवाळ्यात आतला बंद करायचा आणि बाहेरचा उघडा ठेवायचा."

पाइप फुटला की घर गेलंच. केतकी पुढच्या विमानाने येईल आणि एका शब्दाने बोलणार नाही, तेच जास्त लागेल.

"मला हे कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

"दरवर्षी मीच करायचो. सांगायचं राहून गेलं."

"मग राहा ना," बाई म्हणतात. त्यांना रडू येतं आहे आणि त्या ते लपवत नाहीत. "एवढा हिवाळा राहा. मी काही मागणार नाही. फिल्टरसुद्धा मीच बदलीन."

"माका आता थंडी सोसणा नाय गो," ते म्हणतात. व्हॉल्व्हच्या बगलेला, अडकलेलं पाणी काढून टाकायला, पितळेचं एक बारकं टोपण असतं, ते फिरवून काढतात आणि बाईंच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं मिटतात. त्यांचा हात उबदार आहे. "हे सांभाळ. वसंतात परत लावायचं."

आता शिडी तळघरात उभी आहे आणि दिगंबरराव ती चढत आहेत. कंबर दिसेनाशी होते, मग गुडघे. शेवटी नुसते पाय उरतात, अंगठ्याशी भोक पडलेल्या मोज्यातले. बाईंनी शिडी गच्च धरली आहे.

"सोड आता," वरून आवाज येतो. "मंदा, शिडी सोड."

बाई बराच वेळ सोडत नाहीत. मग सोडतात.

रेडिओवर बाजारभाव चालले आहेत. खिडकीबाहेर संध्याकाळ झाली आहे. बाई उठून बसतात, आणि उजवी मूठ उघडत नाही म्हणून डाव्या हाताने एकेक बोट सोडवतात. तळहातावर पितळेचं टोपण आहे, ओलं.

त्या तशाच तळघरात जातात. व्हॉल्व्हच्या बगलेचं बारकं भोक उघडं आहे आणि त्याच्या तोंडाशी एक थेंब लोंबकळतो आहे, पडत नाही. बाई खाली बादली सरकवतात. शाल गुंडाळून मागच्या अंगणात येतात. गवत आत्ताच पायाखाली कुरकुरायला लागलं आहे. आयुष्यभराची सवय मोडून त्या बाहेरचा नळ दोन्ही हातांनी उघडतात, पार उघडा, पाइपात हवा शिरते आणि तळघराच्या झरोक्यातून बादलीत पाणी पडल्याचा आवाज येतो. अंगणात कुणी नाही हे बघून बाई पोटभर रडून घेतात.

मग त्या तळघरात परत येऊन केतकीला फोन लावतात, स्पीकरवर टाकतात आणि फर्नेसवर ठेवतात. स्वयंपाकघरातला नारळ आणून समोर ठेवतात.

"आई? सगळं ठीक आहे ना? रडतेयस का?"

"रडून झालं. नुसती ऐक."

बाईंना मालवणी कधी धड आली नाही. आजही येत नाही. तरी त्या हात जोडतात. मुठीत टोपण आहेच.

"बा देवा महाराजा, ह्यो नारळ ठेवलंय, तो मानून घे. बाहेर बर्फ पडांदे, भितर ऊब रवांदे."

बाई फोनचा आवाज मोठा करतात.

"आणि ह्या घरात जी एकटी बाई रवता, तिका हयच सुखान रवांदे रे महाराजा."

फर्नेस घुमतो. मग फोनमधून एक लांब श्वास ऐकू येतो.

"व्हय महाराजा," केतकी म्हणते.