पहिली सोळा पानं

रविवारची दुपार. वरणभात अंगावर आलाय, डोळा लागतोय-न लागतोय, आणि छातीवर 'पाणबुड्या पतंगराव'चा अंक पालथा पडलाय. अंक म्हणजे अर्धा अंक. पान सतरा ते बत्तीस. सकाळी हा अर्धा घेऊन मी जुन्या कॉमिक्सच्या मेळ्याला जाऊन आलोय. मेळा एका मंगल कार्यालयात होता. पन्नाशीचे पुरुष प्लॅस्टिकमधले अंक बाहेर काढून हुंगत होते. एका स्टॉलवाल्याने माझा अर्धा दोन बोटांनी उचलला, डॉक्टर रिपोर्ट बघतात तसा बघितला आणि हळू आवाजात विचारलं, "सर, हे कोणी केलं?"

आम्ही केलं. अकोल्यात, उन्हाळ्याच्या सुट्टीत. घरात अंक एक यायचा आणि वाचणारे दोन. मग दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ श्रीनिवास, मधल्या पिना काढायचा, घडीवर पट्टी ठेवून अंक उभा फाडायचा आणि पहिला अर्धा स्वतः घ्यायचा. धाकट्याला दुसरा. त्यामुळे लहानपणी प्रत्येक खलनायक मी आधी मेलेला पाहिला आणि त्याचा गुन्हा काय होता ते नंतर वाचलं. मोठेपणी वाटणीही तशीच झाली: पहिले अर्धे दादाकडे नागपूरला, दुसरे माझ्याकडे पुण्यात. पिना दादाकडे, काडेपेटीत. "जोडू कधीतरी," म्हणायचा.

पंखा फिरतोय. फिरता फिरता त्याला कूलरचा आवाज येऊ लागतो आणि मी पुन्हा मेळ्यात असतो. स्टेजवर वधूवरांच्या खुर्च्यांत दोन दुर्मिळ अंक बसलेत, हार घालून. लोक रांगेनं वर जाऊन त्यांच्यासोबत फोटो काढून घेतायत. मला यात वावगं काही वाटत नाही. मीही जरा भांग नीट करतो.

शेवटच्या स्टॉलवर दादा बसलाय. बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. अंक दोरीवर चिमटे लावून टांगलेत. दादाला जाऊन आठ महिने झाले हे मला माहीत आहे. त्यालाही माहीत असावं, पण तो फारसं मनावर घेत नाही.

"काऊन बे हेम्या, इतका उशीर?"

"पार्किंग मिळेना."

पुण्याचा माणूस स्वप्नातही हेच सांगतो.

"काय पाहिजे?"

"पतंगरावची पहिली सोळा पानं."

"शेवट वाचला ना तू? मग झालं."

"शेवटच वाचतो मी दरवेळी. तुझाही तोच वाचला."

दादा एक चिमटा काढतो, तिथेच परत लावतो. दोरीवर आता अंक नाहीत, एक्स-रे आहेत. आम्ही नागपूरच्या त्या इस्पितळाच्या लांब बोळात उभे आहोत. इथे मी दोन दिवस बसलो होतो; दादाच्या नाकात नळ्या होत्या आणि तो काही बोलला नाही. "दोन वर्षं झाली दुखण्याला," नीलिमावहिनी म्हणाली होती, "पण तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले." तेराव्यानंतर वहिनीचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी मीटिंगमध्ये होतो. मी घरी बसून लिहिणारा माणूस. मला मीटिंगा नसतात.

"सुरुवात कशी झाली ते तरी सांग," मी म्हणतो.

"कंटाळवाणी आहे रे. पतंगराव पहिली चार पानं नुसती होडी रंगवतो."

"मला चालेल."

बोळाची फरशी गार लागतेय. ती अकोल्याच्या घरातली शहाबादी आहे, नुकती पुसलेली, आणि आम्ही दोघं तिच्यावर पोटावर पडलोय, कोपरं टेकून.

"संत्रं सोलत होतो," दादा म्हणतो. "सोलता येईना. बोटांत जोरच नाही. नीलिमानं सोलून दिलं. तिला म्हटलं, हेम्याला सांगू नको."

"का पण?"

"तू आला असता. पहिला अर्धा तुला द्यावा लागला असता."

"मग?"

"मग दुसरा, शेवटाचा, माझ्या हातात आला असता ना बे."

तो माझ्याकडे बघत नाही. मी फरशीवर बोटानं पाण्याची रेघ ओढतो. आयुष्यभर मला वाटत आलं, दादा पहिला अर्धा हावरटपणानं घेतो.

"आणि पुढचं?"

"पुढचं नीलिमाकडे. सगळी पानं तिच्याकडेच आहेत. फोन उचलत जा, भल्या माणसा."

तो पायजम्याच्या खिशातून काडेपेटी काढतो, माझ्या तळहातावर काहीतरी ठेवतो आणि स्वतःच्या हातानं माझी मूठ मिटवतो. बोटांत चांगलाच जोर आहे.

एवढ्यात कार्यालयाच्या कर्ण्यावरून पुकारा होतो: पहिली पंगत बसली आहे, मंडळींनी चलावं. दादा उठतो, गुडघे झटकतो.

"मी बसून घेतो पहिल्या पंगतीला. तू दुसऱ्या पंगतीत ये."

मीही उठायला लागतो.

"सावकाश ये," तो म्हणतो. "जिलबी संपत नाही इथली."

साडेचार वाजलेत. पंखा पंख्यासारखा वाजतोय. स्वयंपाकघरातून चहाचा वास येतोय. माझी उजवी मूठ उघडत नाही, म्हणून डाव्या हातानं फोन लावतो.

"भाऊजी?" पलीकडून वहिनी म्हणते. "संपली का मीटिंग?"

"संपली," मी म्हणतो. "वहिनी, सुरुवातीपासून सांगा."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज येतो. तिनं बोलायला सुरुवात केल्यावर माझी मूठ सैल होते. तळहातावर दोन लाल ठिपके उमटलेत, आणि त्यांच्या मधोमध एक पिन आहे, गंजलेली, दोन्ही पाय आत वाकलेले.

आमच्या घरात स्टेपलर नाही.