मुगातली आतली बातमी

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत शरच्चंद्र टिपणिसांचं नाव लोकांनी 'टीप-णीस' करून टाकलंय, आणि ते त्यांना आवडतं. विमा कंपनीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ रोज सकाळी गेटजवळच्या बाकावर बसून बाजार कुठे जाणार ते सांगतो. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याचा भाचा ओजस बीकेसीतल्या एका ब्रोकर कंपनीत अ‍ॅनालिस्ट आहे, आणि भाचा अ‍ॅनालिस्ट असला की मामाच्या खोकल्यालाही वजन येतं.

ओजस पोरगा सरळ. कामातल्या गोष्टी घरी बोलायच्या नाहीत, हा नियम तो पाळतो. तीच तर अडचण. बोलणाऱ्याच्या बोलण्याचा एकच अर्थ निघतो, गप्प बसणाऱ्याचे हवे तेवढे काढता येतात.

श्रावणातल्या एका रविवारी तो मामाकडे जेवायला आला. एरवी टिपणिसांकडे रविवारी मटण. श्रावण म्हणून मृणालिनीवहिनींनी मुगाची उसळ केली होती. शेजारधर्माने मीही पानावर होतो.

"ओजस, ती सलिला पंप्स कशी आहे रे?" टिपणिसांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. "आपल्या टाकीवर त्यांचाच पंप आहे ना."

ओजसचा घास तोंडातच थांबला. डोळे विस्फारले, हात गालाला गेला, आणि तो उठून बेसिनकडे धावला. परत आला तो चकार शब्द न काढता ताक प्यायला आणि निघून गेला.

"बघितलंस?" टिपणीस मला म्हणाले. "मूग गिळून गप्प बसला! आत काहीतरी मोठं शिजतंय."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सलिला पंप्सचे शेअर घेतले. त्यात वहिनींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले सगळे पैसे गेले.

"अहो, मला बसचा नंबर दिसत नाही," वहिनी म्हणाल्या.

"थोडी थांब गं, मग बस कशाला, टॅक्सीनेच फीर."

मला त्या माणसाचा राग आला, पण नवरा-बायकोच्या मध्ये कोण बोलणार?

बाकावरून बातमी जिन्यात गेली, जिन्यातून शेजारच्या सोसायटीत, तिथून योगाच्या ग्रुपवर आणि ग्रुपवरून थेट ठाण्यात. शेअर चढला. तिकडे बीकेसीत ओजसचा साहेब म्हणाला, "एवढी खरेदी उगाच होते का? कोणाला तरी आतलं कळलंय." ओजसने कंपनीचे आकडे उलटसुलट तपासले, काही सापडेना. सापडत नाही म्हणजे नक्की लपवलंय, असा साहेबाने निष्कर्ष काढला आणि ओजसला शेअरच्या भावाचा अंदाज वर न्यायला लावला. तो अंदाज टीव्हीवर दिसताच टिपणिसांनी बाकावर पेढे वाटले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे पुढे कोण आणि मागे कोण हेच कळेना.

वहिनी रोज ऑपरेशनचं विचारायच्या. "शेअरला ओजसचा आकडा गाठू दे," हे उत्तर ठरलेलं.

मग कंपनीचे निकाल आले. आत काही म्हणजे काही नव्हतं. जुनेच पंप, जुनीच विक्री. शेअर असा कोसळला की विकायला जावं तर घेणारा मिळेना. त्या संध्याकाळी ओजस पडलेल्या चेहऱ्याने आला. मी तिथेच चहा घेत होतो.

"मामा, तुम्ही कशाला घेतलेत? कोणी सांगितलं?"

"तूच! त्या रविवारी तोंड मिटून उठून गेलास ना?"

"अहो मामा, उसळीत खडा होता! दाढेचा तुकडा पडला माझ्या. मामीला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

टिपणीस माझ्याकडे बघायला लागले, मी कपाकडे. एवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी आल्या, भिंतीला हात लावत लावत.

"मूग मीच निवडले होते रे," त्या ओजसला म्हणाल्या. "खडा दिसलाच नाही मला. या घरात आतली बातमी तेवढी एकच होती. ती मी ह्यांना रोज सांगत होते."