एकोणीस वर्षं डावीकडे

११ फेब्रुवारी. हातातलं काम: अंडी फोडणं. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि कोंबडीच्या गर्भाचं चालतं हृदय मुलांना दाखवायचं होतं. म्हणून आदल्या दिवशी रंगीत तालीम. चाळीस तास उबवलेली सहा अंडी आज फोडायची. बाकीची अठरा एक दिवस उशिरा उबवणी यंत्रात ठेवली होती, ती उद्या.

मी पशुसंवर्धनाच्या पदविकेला शरीररचना शिकवते. त्यात एक धडा आहे, जनावराच्या गर्भात हृदय आणि रक्त कसं तयार होतं याचा. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, सुरुवातीला सगळ्यांची तऱ्हा एकच. आधी एक साधी नळी. ती वाढते, जागा पुरत नाही म्हणून एका बाजूला वळते आणि त्या वळणाचं पुढे हृदय होतं. म्हशीच्या पोटातलं हे आपल्याला बघायला मिळत नाही, म्हणून कोंबडीचं अंडं. आणि दरवर्षी अंडी कोण फोडत बसणार, म्हणून स्लाइड, काचपट्टीवर कायमचा बसवलेला गर्भ. ती मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी स्वतः बनवली होती आणि तिचा मला अभिमान होता.

त्या स्लाइडमध्ये नळी डावीकडे वळलेली होती. मुलं ती बघून आकृती काढत. खरं म्हणजे बघतही नसत, मागच्या वर्षीचं जर्नल आणून उतरवत. मी सही करत असे. ग्रंथालयातल्या एकुलत्या एका पुस्तकात नळी उजवीकडे होती. ती आकृती छापताना उलटी झालीय, असं मी वर्गात ठणकावून सांगत असे. हृदय डावीकडे असतं हे पाचवीतल्या मुलालाही माहीत असतं, त्यामुळे एकोणीस वर्षांत कोणी शंका काढली नाही.

काढली एकीनं, गेल्या वर्षी. कन्नडच्या पुढच्या एका गावातून एसटीनं येणारी, तिशीला टेकलेली, घरी तीन म्हशी आणि एक सासू. परीक्षेत तिनं नळी उजवीकडे काढली. मी लाल पेनानं काट मारली.

"मॅडम, म्या खुडूक बसलेल्या कोंबडीखालचं अंडं फोडून बघितलं व्हतं. इकडंच व्हतं."

"तू काय बघितलंस ते परीक्षेत विचारलेलं नाही," मी म्हणाले. "जर्नलमध्ये आहे ते काढायचं."

ती दोन गुणांनी गेली. गावच्या दूध केंद्रावर कृत्रिम रेतनाच्या कामावर तिला घ्यायचं कबूल झालं होतं, पदविका असेल तर. केंद्रवाले एक वर्ष थांबायला तयार झाले, पुढे नाही म्हणाले. म्हणजे उद्याची परीक्षा ही तिची शेवटची संधी होती.

जानेवारीत आमच्या शिपाईमामांनी कपाट पुसलं. दर पाच वर्षांनी ते कपाट पुसतात. स्लाइड फुटली. भरपाई म्हणून त्यांनी दुकानातून पांढऱ्याशुभ्र अंड्यांचा ट्रे आणला. दोन दिवस उबवल्यावरही आत नुसता बलक.

"मामा, ह्या अंड्यांना बाप नाही. पोल्ट्रीत कोंबडा ठेवतच नाहीत."

"मग आम्लेट करू का, मॅडम?"

गावरान अंडी हवी होती, आणि गावरान अंडी मिळण्यासारखी माझ्या ओळखीत एकच बाई होती. जिला मी नापास केलं होतं तिलाच फोन लावला. ज्वारीच्या भुशात पुरलेली दोन डझन अंडी डबा मांडीवर घेऊन तिनं एसटीतून आणली.

"सासू म्हणती, अंडी फोडायची तर घरी फोड की, कालेजात कशाला जाती," ती म्हणाली. मग हळूच, "मॅडम, ह्या टायमाला बाजू कंची?"

"जर्नलमध्ये आहे ती."

"डावीच काढली मग. पन्नासदा गिरवलीय. झोपेत बी चुकत नाय आता."

मी "शाबास" म्हणाले. तेही लिहून ठेवते.

तर ११ तारखेला पहिली दोन अंडी रिकामी निघाली. तिसऱ्यात गर्भ होता. बलकावर तांदळाच्या दाण्याएवढा, पालथा पडलेला, पाठ वर. भोवतीच्या कडेला लालसर ठिपके. ते रक्त. ते गर्भाच्या आत तयार होत नाही, बाहेर बलकावर होतं आणि मग आत येतं. हृदय मात्र त्याची वाट न बघता आधीच चालू झालेलं असतं. कार्यालय वेळेवर उघडलंय, साहेब खुर्चीत बसलेत आणि फाइल अजून तालुक्याहून निघायची आहे, असा प्रकार.

भिंग लावलं. हृदय चालू होतं. उजवीकडे.

चौथं अंडं फोडलं. उजवीकडे. पाचव्यातही, सहाव्यातही उजवीकडेच. मी डिशभोवती एक फेरी मारून बघितलं. मामा म्हणाले, "मॅडम, काही हरवलं का?"

हरवलं नव्हतं, सापडलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी गर्भ कागदाच्या कड्यावर उचलून मी काचेवर टाकला होता, पोळी तव्यावर टाकतात तसा. तो उलटला. पोट वर आलं, उजव्याचं डावं झालं आणि मी लेबल मात्र लावलं: पाठीकडून दिसणारा गर्भ. पुस्तक बरोबर होतं: नळी आधी उजवीकडेच वळते, हृदय डावीकडे झुकतं ते नंतर. खुडूक कोंबडी बरोबर होती.

दुपारी बाहेरच्या परीक्षकाला फोन केला. तो जालन्याहून येणार होता आणि कधीकाळी माझाच विद्यार्थी. डावीकडचं हृदय काढून त्यानं पैकीच्या पैकी गुण घेतले होते.

"मॅडम, मी पण आठ वर्षं डावीकडेच शिकवतोय," तो म्हणाला. "असं करू. जिवंत नमुना ठेवूच नका. जर्नलवर गुण देऊ, सगळे पास होतील. पुढच्या वर्षी हळूच बाजू बदलू."

पर्याय वाईट नव्हता. बाईही पास झाली असती. चुकीची आकृती काढून, माझ्या शाबासकीसह. उद्या करते फोन म्हणाले आणि यंत्राचं तापमान बघून घरी गेले. संध्याकाळी मेथी निवडताना दोनदा मेथी केरात आणि देठं पातेल्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पोहोचले. फोन केला नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: जर्नलमधली हृदयाची आकृती चूक आहे. चूक माझी आहे. समोर दिसेल ते काढा.

मुलांनी वाचलं आणि एकमेकांकडे बघितलं. परीक्षकानं वाचलं आणि खिडकीबाहेर बघितलं. ती पहिल्या टेबलावर होती. तिनं दोनदा वाचलं, पेन्सिल खाली ठेवली.

"मॅडम, गेल्या साली काट मारणाऱ्या बी तुम्हीच व्हता. लिहून द्याल का?"

"फळ्यावर लिहिलंय की."

"फळा मामा पुसत्यात."

मामा म्हणाले, "पाच वर्षांनी." कोणी हसलं नाही.

तिचं जर्नल ओढून घेतलं. डावीकडच्या आकृतीखालची माझी सही खोडली, शेजारी लिहिलं: उजवी बाजू बरोबर, गेल्या वर्षीही बरोबर होती. सही केली आणि जर्नल परीक्षकापुढे सरकवलं. त्यानं पेन शोधायला वेळ लावला, म्हणून माझं दिलं. त्यानंही सही केली. मग तिनं आणलेल्या अंड्यांतलं एक मी तिच्याच टेबलावर फोडलं आणि भिंग तिच्या हातात दिलं.