घड्याळाचा हात

साळवे काका गेल्याचा फोन सकाळी सव्वासातला आला. फोनवर काकू होत्या. "ते गेले रे," एवढं म्हणाल्या आणि लगेच, "पण दवाखान्यातल्यांनी घड्याळ भलत्याच हाताला बांधलंय. तू ये आधी." डाव्या हाताला सलाइन होतं, म्हणून नर्सने ते उजव्या मनगटावर चढवलं होतं. मी गेलो, पट्टा सोडला, डाव्या हाताला बांधला आणि मगच बाकीच्यांना फोन केले. याला आता पाच आठवडे झाले.

काका चित्रकलेचे शिक्षक. त्यांचे वडील महूला फौजेत होते. इंदूरच्या अन्नपूर्णा भागात आमची घरं समोरासमोर, बावीस वर्षं. मी पाणीपुरवठ्यात मोजमापाचं काम करतो, म्हणून मला "इंजिनियरसाहेब" म्हणून चिडवायचे. रिक्षात बसले की डावं-उजवं कधी म्हणायचे नाहीत. "भिया, घडी वाले हाथ पे मोड़ लो." रिक्षावाले हसायचे, मीही हसायचो. त्यामागचं कारण मला पहिली सहा वर्षं माहीत नव्हतं.

तीसेक वर्षांपूर्वी इथल्या एका सभेत एका पुढाऱ्याचा गोळी घालून खून झाला. काका तिसऱ्या रांगेत, व्यासपीठाकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या उजवीकडे उघडा रस्ता होता. डावीकडे कनात लावून बंद केलेली जागा, तिथे फक्त पासवाले, म्हणजे पुढाऱ्याच्याच पक्षातली माणसं. पिस्तूल धरलेला हात काकांना दिसला तो डावीकडे. चौकशी अधिकाऱ्यापुढे त्यांनी तसंच सांगितलं. पुढे अहवालातला मजकूर वर्तमानपत्रात छापून आला, त्यात मात्र काकांच्या नावावर 'दाईं ओर से' असं होतं. म्हणजे उजवीकडून, रस्त्यावरून. रस्त्यावर उभा असलेला एक हमाल पोलिसांनी आधीच पकडला होता. खटला उभा राहण्याआधी तो कोठडीतच वारला. पासवाल्यांची यादी कोणी मागितली नाही. दुसरी चौकशी झाली, तीही पहिल्याच कागदांवर.

"मी 'डावी बाजू' म्हणालो रे," काका सांगायचे. "जबाब लिहून घेणाऱ्या त्या बाबूच्या कानाला 'दाईं' लागलं असणार. डाव्याला सगळं इंदूर 'उल्टा हाथ' म्हणतं, मलाच त्या दिवशी शुद्ध मराठी सुचली! उल्टा हाथ म्हटलं असतं तर तो हमाल सुटला असता."

"पण काका, तुम्ही वाचून सही केली होती ना?"

"केली. तेच तर..."

वाचूनही आपल्याला चूक दिसली नाही, हे त्यांना सोसत नव्हतं. दुरुस्तीसाठी त्यांनी अकरा अर्ज केले. उत्तरं दोन आली, दोन्हींत प्रकरण बंद असल्याचं लिहिलं होतं. मी एकदा स्पष्टच म्हणालो, "काका, घाबरलेल्या माणसाला दिशा नीट आठवत नाही." ते चिडले नाहीत. माझ्याच वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासात त्यांनी मैदानाचा नकाशा काढला, अंतरं लिहिली आणि म्हणाले, "मोज जा, इंजिनियरसाहेब." एका रविवारी मी खरंच टेप घेऊन गेलो. व्यासपीठाचा ओटा, फाटक, रस्ता... फरक कुठेच दीड फुटापेक्षा जास्त नव्हता. नकाशा बरोबर आहे, असं मी त्यांना सांगितलं. तुमचं बरोबर आहे, असं काही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी जबाबाच्या प्रमाणित प्रतीसाठी त्यांचा अर्ज मीच लिहून दिला. ती प्रत ते गेल्यावर तीन आठवड्यांनी आली. पानं पाच. मी दारातच उभ्याने वाचायला लागलो. जबाबात पाच दुरुस्त्या आहेत. चार ठिकाणी शब्द खोडून वर नवा लिहिलाय आणि शेजारी काकांची छोटी सही आहे. पाचवी दुरुस्ती चौथ्या पानावर. तिथे आधी लिहिलं होतं 'बाईं ओर से'. म्हणजे डावीकडून. 'बाईं' खोडून वर 'दाईं' केलंय, आणि शेजारी सही नाही.

मी पायरीवर बसलो. पुन्हा मोजलं. चार सह्या, पाच दुरुस्त्या.

ही खाडाखोड कोणी केली आणि कधी, ते मला माहीत नाही. फोटोकॉपीत शाईचा रंग कळत नाही. कनातीमागे कोण होतं, हेही या कागदावरून ठरत नाही. मला एवढंच कळतं, की बाकीच्या चार शब्दांना सही घेणाऱ्या माणसाने या पाचव्याला घ्यायची विसरणं कठीण आहे.

काकूंना कागद दाखवला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ तो शब्द पाहिला.

"म्हणजे त्या बाबूला नीट ऐकू आलं होतं?"

"हो. लिहिलंही नीट होतं."

"आणि हे तीस वर्षं स्वतःच्या जिभेला..." मग उठून त्यांनी काकांचं घड्याळ आणलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. "हे तू घाल. पण रिक्षावाल्याला आता सरळ उल्टा हाथ म्हण. त्यांची चूक नव्हती."

मी 'हो' म्हणालो. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परत येताना अन्नपूर्णेच्या वळणावर मनात शब्द तयार ठेवला होता. तोंडातून निघालं, "भिया, घडी वाले हाथ पे."

रिक्षावाल्याने मागे वळून माझ्या मनगटाकडे पाहिलं, आणि बरोबर वळला.